दोन दातांमधली फट

फोन आला तेव्हा तिचे दोन्ही हात ओल्या प्लास्टरनं माखलेले होते, म्हणून तिनं तो करंगळीनं सुरू केला आणि मान वाकडी करून खांद्यात धरला. पलीकडे कुणी बाई होती. आवाज रडून बसलेला, पण शब्द नीट लावून आणलेले. "डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला. माझ्या आईची कवळी तुमच्याकडे आहे. झाली का?" ती सवयीनं म्हणाली, "झाली की. उद्या दवाखान्यात पाठवते." "उद्या नको," बाई म्हणाली. "आई पहाटे गेली. चार वाजता दफन आहे. तोंड फार आत गेलंय हो तिचं, बघवत नाही." सांत्वनाचं काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं, मीच घेऊन येते," आणि पत्ता विचारला. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, हे एखाद्या पार्सलबद्दल बोलावं तसं झालं.

तिनं हात धुतले. खिडकीखालच्या फळीवर पाण्यानं भरलेले डबे ओळीनं होते, प्रत्येक डब्यात एकेक न हसलेलं हसू. (हा तिचा जुना विनोद. ऐकायला कुणी नसल्यामुळे तो अजून ताजा राहिला होता.) तिनं त्या आईचा डबा उघडला, वरची कवळी उजेडाकडे धरली. गुलाबी हिरडी गुळगुळीत, दात प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका रेषेत. सुरेख काम. आणि मग तिनं ती डोळ्यांजवळ आणली. समोरच्या दोन दातांमध्ये फट नव्हती. फट असायला हवी होती. ही सगळी कवळी त्या फटीसाठीच तर केलेली होती.

कसं झालं हे तिला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच लागलं. मेणात दात बसवून कवळी दवाखान्यात पाठवली तेव्हा फट होती. म्हाताऱ्या बाईंनी ती तोंडात घालून पाहिली होती आणि, डॉक्टर म्हणाले, आरशाकडे बघून एकट्याच हसत बसल्या होत्या. कवळी परत आली. आता मेणाच्या जागी पक्की हिरडी भरायची, की झालं. पण त्याआधी एक शेवटचा हात फिरवायचा असतो, गरम सुरीनं मेण सारखं करायचं असतं. मेण तापलं की दात सरकतात, नको तिथं फटी पडतात, आणि त्या मिटवणं हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तिला काम शिकवणारा म्हातारा कारागीर म्हणायचा, फट दिसली की अंगठा लाव, विचार नंतर कर. तिनं जन्मभर अंगठा लावला होता. त्या दिवशीही रेडिओ चालू असेल, दूध संपलंय हे डोक्यात असेल, आणि अंगठ्यानं फट पाहिली असेल. ही फट कुणीतरी मागून घेतलेली आहे, हे अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मागून घ्यायला बाई स्वतः जिना चढून आल्या होत्या. हेच मुळात नवल. माणसं दवाखान्यात जातात. तिच्याकडे येतात ते त्यांच्या तोंडांचे ठसे, वर नंबर टाकलेले. ठशात ती प्लास्टर ओतते, आणि अर्ध्या तासानं कुणाचा तरी जबडा टेबलावर पांढराशुभ्र उभा असतो. तोंडं तिला आतून पाठ. बाहेरून ती माणसं रस्त्यात धडकली तरी ती 'सॉरी' म्हणून पुढे जाणार. त्यामुळे दारात एक म्हातारी धापा टाकत उभी राहिली तेव्हा तिला आधी वाटलं, पत्ता चुकला. "तूच का गं ती दात करणारी?" बाईंनी विचारलं. हो म्हटल्यावर न विचारता स्टुलावर बसल्या. "जे काही असेल ते डॉक्टरांना सांगायचं असतं, मावशी." "सांगितलं की. ते हसले आणि हो म्हणाले. हसत हसत हो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आयुष्यभर रविवारच्या शाळेत पोरं शिकवलीत मी." मग त्यांनी पर्समधून आगपेटी काढली, एक काडी तिच्यासमोर धरली. "ही आरपार जायची. समोरच्या दोन दातांमधून. एवढी फट हवी मला. माझा नवरा म्हणायचा, बरं झालं फट आहे, निम्मं बोलणं तिथूनच गळून जातं, नाहीतर माझं काय झालं असतं!" ती हसली. पण बाई कामाला आल्या होत्या. "तो गेला तेव्हा माझे दात माझे होते. नंतर एकेक गेले. मग सरळ दातांची कवळी आली. ती त्यानं पाहिलेलीच नाही. आता ती मोडली, तर म्हटलं, ही संधी. मी वर जाणार ती परक्याच्या तोंडानं का जाऊ? तिथं गर्दी केवढी असेल. तो मला शोधणार कसा?"

ती चर्चमध्ये वाढलेली होती. आता शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघायची, म्हणजे दाराशी कुणाशी हात मिळवायला नको. पण वाढलेली होती, त्यामुळे थोडी खोडी काढावीशी वाटली. "पण मावशी, तिथं तर नवं शरीर मिळतं ना? पाळकसाहेब सांगतात, सगळी कमतरता भरून निघते. मग ही फटही भरून निघेल." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं आपण हात वर न करता बोललो. "कमतरता भरून निघते. खूण नाही. प्रभू उठला तेव्हा त्याचं शरीर नवंच होतं की नाही? मग हातांतले खिळ्यांचे व्रण का ठेवले? पुसता आले नसते त्याला?" आणि त्या थांबल्या. खरंच थांबल्या, उत्तराची वाट बघत. ती मान खाली घालून म्हणाली, "ओळखायला." "शाब्बास. बस खाली," बाई म्हणाल्या, ती तर आधीपासून बसलेलीच होती. निघताना जिन्यातून आवाज आला, "आणि घाई कर हो. कपडे काढून ठेवलेत, गीतं सांगून ठेवलीत, भावजयीशी अबोला होता तो सोडलाय. दात तेवढे राहिलेत."

त्या गेल्यावर ती कितीतरी वेळ स्वतःशी हसत होती, आणि मग हसू कुठेतरी अडकलं. अनंतकाळाची तयारी म्हणजे काहीतरी मोठं, अंधारं, गुडघ्यांवर बसून करायचं काम असतं, असं तिच्या मनात लहानपणापासून होतं. त्या वयात पाळकांचं 'आज रात्री तुझा प्राण मागितला तर?' ऐकून ती रात्री मोजे घालून झोपायची, म्हणजे बोलावणं आलं तर अनवाणी जायला नको. पुढे मोजे सुटले आणि तो प्रश्नही सुटला. उत्तर मिळालं म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून. आणि ही म्हातारी सामान भरल्यासारखी तयारी करत होती. कुठे जायचंय ते ठाऊक, कोण न्यायला येणार तेही ठाऊक, फक्त त्याला लांबून दिसलं पाहिजे एवढीच काळजी. तिला हेवा वाटला होता. नव्या कोटाचा वाटतो तसा, साधा.

आता टेबलावर ती सुरेख कवळी होती, आणि बाई कुठेतरी एका खोलीत तोंड आत गेलेल्या अवस्थेत पडून होत्या. अशीच नेऊन दिली तर? कुणाला कळणार? लेकीला नुसतं तोंड भरलेलं हवं होतं. डॉक्टर आत्तापर्यंत विसरलेही असतील. ज्यांना कळलं असतं त्यांचे डोळे मिटलेले. तिनं कवळी डब्यात ठेवून झाकणही लावलं. मग तिला तिची स्वतःची आई आठवली. तशी ती रोज आठवायची, पण हा चेहरा नव्हे. हा चेहरा ती आठवू देत नसे. आई हॉस्पिटलात गेली, तिथं वॉर्ड बदलताना तिची कवळी कुठेतरी हरवली, शोधून मिळाली नाही. शेवटी चादर बाजूला केली तेव्हा ती पलंगाजवळ उभी होती आणि एक क्षण, एक पूर्ण, स्वच्छ क्षण तिला वाटलं होतं, ही कोण? गाल खड्ड्यात, हनुवटी नाकाला भिडलेली, कुणीतरी चिडकी अनोळखी म्हातारी. तिनं नर्सला सांगायला तोंडही उघडलं होतं की चुकून दुसऱ्याच पलंगाशी आणलंत. मग हात दिसले, आईचे. तो क्षण गेला. पण तो तिच्यात राहिला, आणि त्यानंतरच ती शेवटच्या बाकावर सरकली. पोटची मुलगी, त्यातून कवळ्या करणारी, ती जर इथं, हाताच्या अंतरावर ओळखू शकली नाही, तर तिथं कोण कुणाला ओळखणार? पुनरुत्थान होतही असेल. पण त्या पहाटे सगळे उठून एकमेकांना 'सॉरी' म्हणत पुढे गेले तर?

तिनं झाकण काढलं. फिरती तासणी सुरू केली आणि स्वतःच्या सुरेख कामात घुसवली. समोरचे दोन दात मुळाशी कापून काढताना गुलाबी भुसा तिच्या मनगटावर पडत होता. तेच दात परत घालून चालणार नव्हतं, फटीला जागा हवी. तिनं दातांच्या पट्ट्यांमधून त्याच रंगाचे, पण किंचित अरुंद दोन शोधले. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून आगपेटी आणली. काडी मध्ये उभी धरून दोन्ही दात मेणावर टेकवले, मागून हिरडीची गुलाबी भुकटी आणि औषध कालवून भरलं, औषधाच्या उग्र वासानं डोळ्यांत पाणी आलं, ते नेहमीच येतं. घट्ट होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही. ती अंगठा मुठीत दाबून बसून राहिली. हो, मुठीत, तो परत जाईल अशी तिला खरोखर भीती वाटत होती. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स." मग काडी काढली, चाकावर पॉलिश केलं. दात सरळच होते, पण आता त्या ओळीत कुणीतरी एक पाऊल बाजूला सरकून उभं होतं, आणि त्यामुळे सगळी ओळच खोडकर दिसत होती. या तोंडाला बोलण्याची सवय आहे, हे कवळीकडे बघूनही कळत होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दारात चपलांची गर्दी असेल असं धरून ती आली होती. चार-पाच जोड होते. लेक तिच्याएवढीच, पन्नाशीची, केस बांधायचे राहिलेली. लेकीनं जिन्याजवळच डबा उघडला, आणि चेहरा बदलला. "हे काय? फट कसली ही? चुकलंय का काही?" "नाही. आता बरोबर आहे." "आईच्या कवळीला फट नव्हती." "दातांना होती ना?" लेकीनं डब्यातल्या फटीवर बोट ठेवलं. "बाबा होते तेव्हा," ती म्हणाली, पण हळू, जसं काही ते आत्ता आतून कुणी सांगितलं. मग एकदम तिचा आवाज चढला. "मला सगळं सांगून ठेवलं होतं तिनं. कुठली गीतं, कुठले कपडे, मामीला पहिल्या बाकावर बसवायचं. हे नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं. तुम्ही कोण तिच्या?" ती कुणीच नव्हती. "तुम्ही हसाल असं वाटलं असेल त्यांना." "हसलेच असते मी!" लेक म्हणाली, आणि डबा छातीशी धरून भिंतीला टेकली. "ह्या वयात फटीचे दात. लोक काय म्हणतील, आयुष्यभर नीट राहिलेली बाई शेवटी अशी... साधे नाहीत का हो तुमच्याकडे? सरळ?" ते खरं तर तासाभरापूर्वी होते. ती म्हणाली, "त्या म्हणाल्या, बाबांनी सरळ दात पाहिलेले नाहीत. गर्दीत ते शोधणार कसे." लेकीनं डब्यात पाहिलं, खूप वेळ. मग डबा तिच्या हातात परत दिला. "तुम्हीच घाला. माझ्याच्यानं होणार नाही."

आता हे तिला जमणार होतं का? कुणाच्या तोंडात बोट घालायचं नाही, ते डॉक्टरांचं काम, हा नियम. इतक्या वर्षांत तिनं एका जिवंत तोंडाला हात लावला नव्हता. पलंगावर बाई पांढऱ्या कपड्यांत होत्या, हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं. उशाशी बसलेली शेजारीण म्हणाली, "दातखीळ बसलीय. आता नाही जायची. आमच्या सासऱ्यांच्या वेळी असंच झालं, मग आम्ही खिशात ठेवली." "खिशात?" "मग काय! तिकडे पोचल्यावर घालतील की आपली आपण." लेक हसली, हसल्याबद्दल रडली. तिनं डबा बाजूला ठेवून बाईंचं फडकं सोडलं. तोच चेहरा होता, गाल खड्ड्यात, हनुवटी नाकाला भिडलेली, ही कोण? तिला पळून जावंसं वाटलं. पण हात पुढे गेले. कानांखाली, जबडा जिथं बिजागरीसारखा बसतो तिथं, तिनं बोटांनी गोल गोल चोळायला सुरुवात केली. गार, घट्ट. शेजारणीनं गरम पाण्यात पिळलेलं फडकं दिलं. पुन्हा चोळलं. मग कुठेतरी आत, अगदी थोडं, मेण सैल पडावं तसं काहीतरी सुटलं, आणि तिचं बोट आत गेलं.

आणि तिला ते तोंड ठाऊक होतं. टाळूवरच्या वळ्या, डावीकडे तिसरी वळी मध्येच तुटलेली. मागे उजवीकडे हाडाचा छोटासा उंचवटा, ज्याच्यासाठी तिनं कवळी तिथं जरा खोलगट केली होती, बोचू नये म्हणून. प्लास्टरमध्ये ती या वळ्यांवरून कितीदा फिरली होती. बाहेरून ही बाई अजून परकीच होती, आतून शंकेला जागा नव्हती. 'तुम्हीच आहात,' ती मनात म्हणाली, मूर्खासारखी, आणि छातीत इतकी वर्षं घट्ट धरलेलं काहीतरी त्याच वेळी ढिलं पडलं. वरची कवळी तिरकी करून आत सरकवली, टाळूला दाबली. ती बसली. खालची जाईना, तिनं हट्ट केला नाही. वरचा ओठ भरून आला, गाल उठले, आणि बाई परत आल्या. पुढच्या क्षणी कुणाला तरी बस खाली म्हणतील अशा. लेकीनं 'आई गं' केलं. मग पुढे वाकून पाहिलं, आणखी वाकून पाहिलं. ओठ मिटलेले होते. मिटलेलेच राहणार होते. "पण दिसत नाहीये," लेक म्हणाली. "फट दिसतच नाहीये. एवढं सगळं करून..." "हसतील तेव्हा दिसेल," ती म्हणाली.

तिनं ते फडकं पिळता पिळता म्हटलं, उद्या दूध लवकर येईल म्हणावं तसं. म्हटल्यावर तिलाच ते ऐकू आलं. खोलीतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलेलं दिसलं नाही. शेजारीण मान हलवत होती, लेक आईचे केस सारखे करत होती. ती मात्र हातात फडकं घेऊन उभी राहिली. विश्वास येतो तो घंटा वाजवत येतो, असं तिनं धरलेलं होतं. हा मागच्या दारानं, ओल्या हातांनी आला होता, आणि अजून तरी त्याला बस म्हणायचं तिला सुचत नव्हतं.

कबरस्तानात माणसं थोडी होती. मामी पहिली उभी होती, काठीवर, ताठ. गीत उंच पट्टीत लागलं आणि कुणालाच झेपेना, तरी कुणी सोडलं नाही. पाळकसाहेब धूळ आणि माती आणि खात्रीची आशा असं म्हणाले. इतकी वर्षं ती त्या शब्दांच्या वेळी दाराकडे बघत आली होती, आज शवपेटीकडे बघत होती. आत, अंधारात, मिटलेल्या ओठांमागे, एका काडीएवढी जागा मोकळी ठेवलेली होती. ज्याची त्याला सापडेल. लेकीनं तिचा दंड धरून ठेवला होता, आणि सगळं संपल्यावर, "तुम्ही घरी चला ना, चहा तरी," म्हणाली. ती नको म्हणाली. दाराशी हात मिळवायची सवय एका दिवसात येत नाही.

बसस्टॉपवर एकच माणूस होता, हातात ट्यूबलाइट उभी धरून, लेकराला रस्ता ओलांडून न्यावं तशी जपून. ऊन उतरलं होतं. ती बाकावर बसली आणि स्वतःच्या तोंडातून जीभ फिरवली. तिचे दात सरळ. नाक कुणाचंही असावं तसं. डाग नाही, व्रण नाही. कुणी 'तुझी ती अमुक गंमत' म्हणावं असं काही कुणी तिच्यात पाहिलेलं नाही, निदान तसं कुणी बोललेलं नाही. वर तिचा कुणी नवरा थांबलेला नव्हता. आई असेल, पण आईच्या बाबतीत तिनंच आधी घोटाळा केला होता. आईनं तिच्याकडे बघून 'ही कोण?' म्हटलं तर कुठल्या तोंडानं रागवायचं? म्हणजे राहिला एकच. व्रणांचे हात असलेला. त्याच्याशी ती फार दिवसांत बोलली नव्हती, आणि जुन्या प्रार्थनांची सुरुवात कशी करायची ते आठवेना. ते 'हे दयाळू' वगैरे. तिनं सुरुवात सोडून दिली. "मला ओळखशील ना रे?" ती म्हणाली.

ते मोठ्यानं आलं असावं. ट्यूबलाइटवाला माणूस दचकून वळला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून. "माफ करा हं," तो ओशाळून म्हणाला. "चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय. पण नाही आठवत." "असू दे," ती म्हणाली. "घाई नाही." पण तो भला माणूस होता, त्याला ते लागून राहिलं. बस येईपर्यंत तो मधूनमधून ट्यूबलाइटच्या आडून तिच्याकडे बघत आठवायचा प्रयत्न करत राहिला, आणि तिनं चेहरा वळवला नाही, त्याला बघू दिलं.